गुंटकलला पाच तास

सकाळी सव्वासातला घंटागाडी येते.
तिचं तेच गाणं, तोच कर्कश कर्णा,
आणि आपण ओला-सुका वेगळा करेपर्यंत
ती बिटकोकडे वळलेली असते.
मग दिवसभर कचरा आणि मी, एकमेकांकडे बघत.

गायधनींच्या गाडीला मागे जाताना
सगळ्या जेलरोडला कळवायचं असतं की ती मागे जातेय.
मीही जातो मागे, रोज, तीस-चाळीस वर्षं सहज;
कुणाला पत्तासुद्धा लागत नाही.

औषधाच्या बाटलीवर लिहिलंय : दाबा आणि फिरवा.
लहान मुलांना उघडू नये म्हणून म्हणे.
आमच्याकडे ती उघडायला
खालच्या मजल्यावरून सहा वर्षांच्या रुजुलला हाक मारावी लागते.

मिसळीचंही तेच.
पूर्वी बाकावर टेकायच्या आत समोर यायची.
आता शहराबाहेर मळ्यात जा, टोकन घ्या,
झोपाळ्यावर बसा, उंट बघा.
मला उंट नको आहे.
मला अजून एक पाव हवा आहे.

प्रेसमध्ये तेहतीस वर्षं काढली.
पासपोर्टच्या वह्या शिवल्या, मोजल्या, पुन्हा मोजल्या,
भोंगा झाला की खिसे उलटे करून दाखवले.
किती माणसं गेली असतील माझ्या हाताखालून विमानात!
स्वतःचा नाही काढला.
कुणी विचारलं तर म्हणतो, राहिलं.
खरं म्हणजे धास्ती होती :
एखादं पान उलटं निघालं
तर ते माझ्याच पाळीतलं असायचं.

त्र्याऐंशी साली मात्र एलटीसी घेतली. कन्याकुमारी.
समुद्र तीन, फोटो एक, तोही हललेला.
सूर्योदय काही आठवत नाही.
गुंटकल आठवतं.

पुढे मालगाडी घसरली होती.
दहाच्या आत काही हलत नाही, हे
स्टेशन मास्तरच्या बोटांवरून कळलं.
प्रमिला म्हणाली, इथे बसून डास मोजण्यापेक्षा…
रुळांपलीकडे तंबू होता, त्यात सिनेमा.
बॅगा बोराडेंच्या ताब्यात दिल्या आणि गेलो.
खाली वाळू, मागे यंत्राची घरघर,
मांडीवर शेंगांची पुडी,
आणि तेलुगूचा एक शब्द कळत असेल तर शपथ.

नायक दारात उभा राहून रडत होता.
मी म्हटलं, आई गेली त्याची.
ती म्हणाली, छे, नोकरी गेली.
विहिरीवर एक बाई आली. मी म्हटलं, बहीण.
ती म्हणाली, बहिणीकडे कुणी असं बघत नाही.
मध्येच रीळ तुटलं, लोकांनी शिट्ट्या मारल्या,
आम्हीही मारल्या. म्हणजे मी मारली,
तिने नुसती हवा सोडली.
शेवट राहिला. तिकडे इंजिनाने शिट्टी दिली
आणि आम्ही वहाणा हातात घेऊन पळालो.

त्या सिनेमाचं नाव विचारायचं राहूनच गेलं.
एर्नाकुलमपर्यंत भांडलो : आई की नोकरी.

आता सगळे सिनेमे घरी येतात.
रिमोट तीन. कुठला कशाचा, हे
नातू फोनवरून सांगतो, सुस्कारे टाकत.
इंटरव्हलनंतर मला झोप लागते.
इंटरव्हल नसतो हल्ली,
तरी बरोबर तिथेच लागते.
हिच्या कानातलं यंत्र कुईकुई करतं,
म्हणून ही ते काढून डबीत ठेवते
आणि टीव्हीचाही आवाज बंद करते.
"मला ऐकू येत नाही, तुम्ही झोपलेले,
त्याने बोलायचं कुणाशी?"

काल असंच. डोळे उघडले तर
पडद्यावर दारात कुणीतरी उभा, रडतोय.
माझ्याकडे न बघता ही म्हणाली,
"नोकरी गेली त्याची."
मी ओरडून सांगितलं, आई गेली, आई!
खालून रुजुलच्या आईने धावत येऊन विचारलं,
काका, काय झालं?

काही नाही, म्हटलं.
गाडी लेट आहे.